आपण हरलो, ६६-०

३० नोव्हेंबर २०२४ची रात्र. ब्लूमिंग्टनच्या स्टेडियममध्ये लाल कपड्यांतल्या पन्नासएक हजार माणसांच्या मधोमध मी काळं-सोनेरी जॅकेट घालून बसलो होतो. थंडी मरणाची. शेजारी माझी अठरा वर्षांची मुलगी, तीही नखशिखान्त लाल, कारण ती तिथल्याच इंडियाना विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती. मी पर्ड्यूचा. अमेरिकेतल्या इंडियाना या एकाच राज्यातली ही दोन सरकारी विद्यापीठं गाडीनं दोन-सव्वादोन तासांच्या अंतरावर आहेत, आणि त्यांचं फुटबॉलवरून चाललेलं भांडण एकोणिसाव्या शतकापासूनचं आहे. त्या रात्री ते भांडण राहिलंच नव्हतं. फलक ६६-० दाखवत होता, आणि शून्य आमचं होतं.

पोरीनं हॉट चॉकलेटचा कप माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "बाबा, आपण तुम्हाला कसलं धुतलं!"

अमेरिकेत वाढलेल्या मुलांचं मराठी असंच असतं. इंग्रजीत 'वी' एकच, त्यामुळे 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक त्यांच्या कानावरून नुसताच वाहून जातो. मी सवयीनं दुरुस्ती केली, "आपण नाही गं, आम्ही. आम्ही तुम्हाला धुतलं." तिला वाटलं, मी पर्ड्यूनं धुतलं असं म्हणतोय. ती इतकी हसली, की पुढच्या रांगेतल्या आजी वळून बघायला लागल्या.

पार्किंगकडे चालताना मात्र तिनं सरळ विचारलं. "तू हे सोडत का नाहीस? तुमची निम्मी पोरं दुसऱ्या कॉलेजांतून आलेली, पुढच्या वर्षी तिसरीकडे जातील. सगळे पैसे घेतात. मग तू एकटाच कशाला लॉयल?"

हा प्रश्न आता फक्त आमच्या घरातला नाही. गेली चार-पाच वर्षं अमेरिकेत कॉलेज फुटबॉलवर जो वाद पेटलाय, त्याचा गाभा हाच. खेळाडूंना पैसे मिळायला लागले, हवं तेव्हा संघ बदलायची मुभा मिळाली आणि जुन्या पाठीराख्यांनी टाहो फोडला: निष्ठा संपली! मला हा टाहो खोटा वाटतो. चुकीच्या दारात बसून फोडलेला तर नक्कीच वाटतो.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगायला हवं. हा फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नव्हे. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचा तो. आणि कॉलेजचा संघ म्हणजे जिमखान्याच्या फळ्यावर नोटीस लावून जमवलेली अकरा पोरं नव्हेत. साठ हजारांपासून लाखापर्यंत माणसं मावणारी स्टेडियमं विद्यापीठांच्या मालकीची आहेत. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीवरचा सर्वांत मोठा पगारदार राज्यपाल नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे कळायला एकच जवळची गोष्ट सापडते, ती म्हणजे पुरुषोत्तम करंडक. भरत नाट्य मंदिराच्या बाल्कनीतून गळा बसेपर्यंत "अरे, आवाज कुणाचा" ओरडणारी पोरं आठवा. तीन-चार वर्षांत नट बदलतात, दिग्दर्शक बदलतो, ओरडणारेही बदलतात. आवाज तोच राहतो. तो आवाज साठ हजारपट करा आणि त्याला टीव्हीचा पैसा जोडा.

मी पर्ड्यूला पोचलो ऑगस्ट २०००मध्ये. संगणकशास्त्राची मास्टर्स, दोन बॅगा, त्यातल्या एकीत प्रेशर कुकर. वेस्ट लाफायेट हे मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं गाव. पहिल्या दोन महिन्यांत मला एकच गोष्ट रोज कळत होती, की मी इथला नाही. हे कुणी वाईट वागून कळवलं नाही, उलट माणसं फार गोड वागायची. पण करखात्याच्या फॉर्मवर माझी जात लिहिलेली होती: नॉन-रेसिडेंट एलियन. परका. सरकारी शब्द आहे, त्यात कुणाचा डंख नाही, हे आज कळतं. बाविसाव्या वर्षी ग्रंथालयाच्या तळघरात बसून तो शब्द स्वतःच्या नावापुढे वाचताना कळलं नव्हतं.

२८ ऑक्टोबर २०००. माझ्या नागपूरकर रूममेटकडे एक तिकीट जास्तीचं होतं. "चल बे, नाहीतर झोपूनच राहशील," एवढंच आमंत्रण. पर्ड्यूचं रॉस-एड स्टेडियम, समोर ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ. मला नियम येत नव्हते. लोक उठले की उठायचं, बसले की बसायचं, गणपतीच्या आरतीला नवख्यानं करावं तसं. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, होता ड्रू ब्रीज. टेक्सासचा मुलगा, शाळेत राज्यविजेता, पण उंची कमी म्हणून टेक्सासच्या बड्या विद्यापीठांनी त्याला विचारलं नाही. मोठ्यांपैकी पर्ड्यू आणि केंटकी एवढ्यांनीच बोलावलं. सामना संपायला अडीचेक मिनिटं असताना या ब्रीजनं चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकला. ओहायो स्टेट २७-२४नं पुढे. माझ्या मागच्या रांगेतल्या एकानं टोपी काढून जमिनीवर आपटली. आणि पुढच्याच डावात त्याच ब्रीजनं ६४ यार्डांचा चेंडू सेथ मोरालेस नावाच्या, एकटाच धावत सुटलेल्या पोराकडे टाकला. ३१-२७.

त्यानंतरच्या पाच मिनिटांत मला किती अनोळखी लोकांनी मिठ्या मारल्या, याचा हिशेब नाही. पण मी पर्ड्यूचा झालो तो त्या मिठ्यांमुळे नव्हे. उन्मादात कुणीही कुणालाही मिठी मारतं. मी झालो दुसऱ्या दिवशी, रविवारी, नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात.

तिथे डंगरी घातलेला एक म्हातारा शेतकरी ड्रायरपाशी उभा होता. माझ्याकडे क्वार्टरची, म्हणजे पाव डॉलरची, नाणी एकानं कमी पडली. त्यानं काही न बोलता खिशातून एक काढून माझ्या यंत्रात टाकलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वी गॉट देम, डिडन्ट वी?"

इंग्रजीत ते नुसतं 'वी' होतं. माझ्या कानात ते मराठीत शिरलं. तो 'आम्ही' म्हणाला असता, म्हणजे आम्ही इथले, तू पाहुणा, तर तेही वावगं नव्हतं. पण त्या वाक्याच्या शेवटी 'डिडन्ट वी' होतं, मला विचारलेलं. त्यात मी होतो. 'आपण' होतं ते. त्या देशानं मला दिलेलं पहिलं 'आपण'. माझ्या पंचवीस वर्षांच्या निष्ठेचं कारण विचाराल तर एवढंच आहे, एका क्वार्टरचं. त्या नोव्हेंबरात आम्ही इंडियानाला ४१-१३ हरवलं आणि १९६७नंतर पहिल्यांदा रोझ बोलला, मोसमाअखेरच्या त्या मानाच्या सामन्याला, गेलो. तिथे वॉशिंग्टनकडून हरलो. पुढे हरण्याची सवय झाली.

आणखी एक कारण आहे, ते पायाखालचं. आमचा संगणकशास्त्र विभाग तेव्हा एका जुन्या, लाल विटांच्या इमारतीत होता. दारापर्यंत सतरा पायऱ्या. मी दीड-दोन महिने त्या चढलो, मग कुणीतरी सांगितलं की ती इमारत मुळात व्यायामशाळा होती, स्मारक म्हणून बांधलेली. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी पर्ड्यूचा संघ आणि पाठीराखे खास रेल्वेनं इंडियानापोलिसला निघाले होते, इंडियानाशीच खेळायला. शहरात शिरताना गाडी कोळशाच्या डब्यांवर आदळली. संघ पहिल्याच डब्यात होता. सतरा माणसं गेली, त्यांत चौदा खेळाडू. म्हणून पायऱ्या सतरा. हॅरी लेस्ली नावाच्या एका खेळाडूला मेला समजून शवागारात ठेवलं होतं. तिथे कुणाला तरी जाणवलं की नाडी चालू आहे. तो जगला आणि १९२९मध्ये इंडियाना राज्याचा गव्हर्नर झाला. हे कळल्यावर त्या पायऱ्यांवरून मी धावत चढू शकलो नाही. असाइनमेंटची वेळ टळत असली तरी जरा दमानंच. गावातल्या समाधीवरून जाताना आपण चप्पल काढत नाही, पण चाल बदलते ना, तसं.

तर आता मूळ भांडण. खेळाडूंना पैसे द्यावेत का, आणि दिल्यावर निष्ठा उरते का?

त्या २०००च्या मोसमात मी कॅम्पसमधल्या दुकानातून एक जर्सी घेतली. महिन्याच्या किराण्याइतकी किंमत होती, घरी फोनवर सांगितली नाही. जर्सीवर मोठा १५ आकडा. नाव नाही. १५ म्हणजे ड्रू ब्रीज हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण नाव छापलं असतं तर एका विद्यार्थ्याच्या नावाचा धंदा केला असं झालं असतं आणि ते नियमात बसत नव्हतं. आकड्याचा धंदा बसत होता. त्या विक्रीतला छदामही त्या मुलाला मिळत नव्हता. ही सोवळ्यातली चोरी पाहून तेव्हा मला काही वाटलं नाही, हे कबूल करतो. मी नवा होतो, आणि मला जर्सी हवी होती.

हे सोवळं न्यायालयांनी उतरवलं. जून २०२१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एनसीएए, म्हणजे कॉलेज क्रीडांची शिखरसंस्था, हिच्याविरुद्धच्या ऑल्स्टन खटल्यात एकमतानं, ९-०, खेळाडूंच्या बाजूनं निकाल दिला. मुद्दा शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच मर्यादित होता, पण न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांनी वेगळं मत लिहून बजावलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही. १ जुलै २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर कमावता येऊ लागलं. संघ बदलला की एक वर्ष बाहेर बसायची अट आधी एका बदलीपुरती गेली, मग २०२४मध्ये सगळीच गेली. जून २०२५मध्ये हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली: जुन्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर, आणि पुढे प्रत्येक विद्यापीठानं आपल्या खेळाडूंना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटायची मुभा.

मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. ज्याच्या गुडघ्यांवर आणि डोक्यावर हा सगळा डोलारा उभा, त्याला त्यातला वाटा मिळाला. "शिक्षण फुकट मिळतं की," असं म्हणणारे माझे भारतीय मित्र पुष्कळ आहेत; आपल्याकडे फीची धास्ती हाडात मुरलेली असते, त्यामुळे शिष्यवृत्ती म्हणजे आपल्याला स्वर्ग. पण हेच मित्र कंपनीनं दोन वर्षं पगार वाढवला नाही तर तिसऱ्या वर्षी दुसरीकडे जातात. मीही दोनदा गेलोय. मला कुणी गद्दार म्हटलं नाही. उलट मंडळाच्या गणपतीत अभिनंदन झालं. एकोणीस वर्षांच्या पोरानं मात्र आमच्या शनिवारच्या आनंदासाठी निष्ठेनं फुकट राबावं?

निष्ठा हा शब्द महाराष्ट्रातल्या वाचकाला तसाही गेल्या काही वर्षांत कडू लागत असणार. निष्ठावंत कोण आणि गद्दार कोण यावर तिथे इतकी गळपट्टी-धराधरी झाली, की शब्दातला रसच गेला. एक साम्य मात्र लक्षात घेण्यासारखं आहे. दुसऱ्याकडे निष्ठा मागणारा माणूस बहुतेक वेळा आपलं काहीतरी वाचवत असतो.

माझ्या गल्लीत एक म्हातारबुवा आहेत, १९६७चा रोझ बोल विद्यार्थी म्हणून पाहिलेले. पर्ड्यूनं तो १४-१३ जिंकला होता. त्यांचं पालुपद ठरलेलं: "आता सगळी भाडोत्री पोरं." मी त्यांना एकदा आमच्याच नावाची गोष्ट ऐकवली. पर्ड्यूच्या संघाला बॉयलरमेकर्स म्हणतात, बॉयलर बांधणारे. १८९१मध्ये आम्ही वॉबॅश कॉलेजला त्यांच्याच गावात ४४-० हरवलं. तिथल्या वर्तमानपत्रानं चिडून मथळ्यात पर्ड्यूच्या पोरांना दांडगे बॉयलरवाले म्हटलं. त्या काळी पंचक्रोशीत कुजबूज होती, की पर्ड्यू मोनॉन रेल्वेच्या कारखान्यातले धट्टेकट्टे कामगार विद्यार्थी म्हणून नाव घालून खेळवतं. खरं-खोटं देव जाणे. पण ज्या नावानं आम्ही छाती फुगवतो, त्या नावाला पहिल्यापासून भाडोत्रीपणाच्या आरोपाचा वास आहे. पुढे जानेवारी १८९५मध्ये पर्ड्यूचेच अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी आजूबाजूच्या विद्यापीठांच्या प्रमुखांना शिकागोत बोलावलं. खेळणारा खरोखरच विद्यार्थी असावा, हा त्या बैठकीतला मोठा विषय. त्यातूनच वर्षभरात बिग टेन ही आमची लीग जन्मली. म्हणजे 'पोरं भाडोत्री झाली' ही ओरड या लीगहून जुनी आहे. म्हातारबुवा सगळं ऐकून म्हणाले, "तेव्हाचे भाडोत्री निदान जिंकत तरी होते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझं म्हणणं असं, की पाठीराख्याची निष्ठा खेळाडूच्या निष्ठेवर कधी उभीच नव्हती. कॉलेजचा खेळाडू पूर्वीही चार वर्षांत जायचाच. ब्रीज गेला, न्यू ऑर्लिन्सच्या संघातून सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचं अजिंक्यपद, जिंकला, मी आनंदलो. त्याच्यामागे न्यू ऑर्लिन्सचा झालो नाही. चार वर्षांऐवजी एक वर्ष, एवढाच फरक पडला. तो बोचतो, नाही असं नाही. नावं पाठ होईतो पोरं निघून जातात. आयपीएलच्या लिलावानंतर होतं तसं. पण २०२४मध्ये मुंबईच्या संघाचा कप्तान बदलल्यावर वानखेडेवर पाठीराख्यांनी आपल्याच नव्या कप्तानाची हुर्यो उडवली, तेव्हाही ते मुंबईचेच होते ना? लिलावातून आलेल्या संघावर सोळा वर्षांत माणसं एवढा हक्क सांगू लागतात, तर सव्वाशेहून जास्त वर्षांच्या संघाचं काय घेऊन बसलात.

निष्ठा उभी असते ती शेजारावर. त्याच्याशी दरवर्षी होणाऱ्या त्या एका भांडणावर.

आमचं भांडण एका बादलीचं आहे. १९२५पासून पर्ड्यू-इंडियाना सामन्याचा विजेता ओकच्या लाकडाची एक जुनी बादली घरी नेतो. दक्षिण इंडियानातल्या एका शेतावरच्या विहिरीवर ती सापडली. ढाल नाही, करंडक नाही; पोहरा! जिंकणाऱ्याच्या नावाची एक ब्राँझची कडी दरवर्षी तिच्या साखळीत अडकवतात, पर्ड्यूची 'पी', इंडियानाची 'आय'. पहिलाच सामना ०-० सुटला, म्हणून पहिल्या कडीवर दोन्ही अक्षरं आहेत. २०२०ला कोविडमुळे सामना झाला नाही. ती साखळी पाहताना माणसाला घराण्याची वंशावळ पाहिल्यासारखं वाटतं. कुठली कडी कुणाच्या लग्नाच्या वर्षाची, कुठली कुणाच्या पोराच्या जन्माची, हे सांगणारे लोक मला भेटलेत. मुलगी २००६ची. त्या वर्षीची कडी 'पी' आहे. हे तिला मी फार वेळा सांगितलंय.

आता बघा, हे शेजार कुणी मोडलं? खेळाडूंनी? कॉन्फरन्सेसनी, म्हणजे या लीगांनी मोडलं, आणि विद्यापीठांच्या अध्यक्षांनी सह्या केल्या. २०२२मध्ये बिग टेननं टीव्हीवाल्यांशी सात वर्षांचा, सातशे कोटी डॉलरच्या घरातला करार केला. ऑगस्ट २०२४मध्ये लॉस एंजलिसची दोन विद्यापीठं, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये आली. नाव टेन, संघ अठरा. लॉस एंजलिसच्या त्या दोघांतल्या यूसीएलएची पोरं आता लीगचा सामना खेळायला न्यू जर्सीला, चार हजार किलोमीटरवर जातात. तिकडे पश्चिमेची पॅक-१२ ही शंभराहून जास्त वर्षांची परंपरा सांगणारी लीग दोन उन्हाळ्यांत फुटली. बारांतले दोनच संघ मागे राहिले, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. ज्यांची शहरं लहान, ज्यांना टीव्हीवर भाव कमी, ते. ओक्लाहोमा दुसऱ्या लीगमध्ये गेल्यामुळे ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांचा शंभर वर्षांहून जुना वार्षिक सामना २०२३नंतर थांबला. एका राज्यातले दोन भाऊबंद. तिथल्या माणसाला आता नोव्हेंबरात कुणावर दात खायचे?

खेळाडूनं बदली घेतली की त्याला पैशाचा लोभी म्हणायचं आणि विद्यापीठानं लीग बदलली की त्याला दूरदृष्टी म्हणायचं, हा न्याय मला पटत नाही. पोरगा गेला तर जागा रिकामी होते, पुढच्या वर्षी दुसरा येतो. शेजारी गेला तर साखळीच थांबते. बिग टेननं नव्या वेळापत्रकात पर्ड्यू-इंडियाना सामना दरवर्षी राखून ठेवला, म्हणून आम्ही वाचलो. लीगच्या बैठकीत कुणीतरी त्या सामन्यासमोर बरोबरची खूण केली, एवढ्यावर आमची शंभर वर्षं तगली. माझं मागणं साधं आहे. खेळाडूंच्या बदल्यांवर कायदे करायला जे राजकारणी आणि अध्यक्ष आज आतुर आहेत, त्यांनी आधी सरकारी विद्यापीठांच्या शेजाऱ्यांशी होणाऱ्या सामन्यांना संरक्षण द्यावं. राज्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थांना तेवढी अट घालणं जड जाऊ नये.

माझीही एक तक्रार आहे, लहानशी. खेळाडूंसाठी निधी जमवणाऱ्या एका मंडळीचा फोन आला होता, संध्याकाळी, पोळ्या चालू असताना. कोणती मंडळी ते सोडा, सगळीकडे तोच मजकूर असतो. पोरगा चुणचुणीत होता. म्हणाला, "सर, तुमच्यासारख्या निष्ठावंतांनी महिन्याला थोडं दिलं तर..." मी विचारलं, नाही दिलं तर निष्ठावंतांतून नाव कमी होईल का? तो हसला, पण त्याच्यापुढच्या कागदावर या प्रश्नाचं उत्तर नसावं. खेळाडूंना पैसे मिळावेत, पण ते मिळावेत त्या सातशे कोटींतून. टीव्हीचा मलिदा वर वाटून घ्यायचा आणि पोरांच्या पगारासाठी निष्ठेच्या नावानं झोळी फिरवायची, याला वर्गणी म्हणत नाहीत, आणि वर्गणी म्हणजे काय हे पुणेकराला शिकवायची गरज नाही.

निष्ठा कशी दिसते ते पर्ड्यूनं एकदा साऱ्या देशाला दाखवलं होतं. टायलर ट्रेंट नावाचा आमचा विद्यार्थी, हाडांचा कर्करोग झालेला. २०१७मध्ये केमोथेरपी घेऊन तो मिशिगनच्या सामन्याआधी स्टेडियमबाहेर तंबूत झोपला होता. पुढच्या वर्षी, २० ऑक्टोबर २०१८ला, देशात दुसऱ्या क्रमांकावरचं ओहायो स्टेट आलं. पर्ड्यू जिंकणार, असं तो टीव्हीवर सांगून बसला होता. पर्ड्यू ४९-२० जिंकलं. १ जानेवारी २०१९ला तो गेला, विसाव्या वर्षी. विद्यार्थ्यांच्या प्रवेशद्वाराला आज त्याचं नाव आहे. त्या मोसमातले किती खेळाडू मला आठवतात? मोजके. टायलर सगळ्यांना आठवतो. तो एकही चेंडू खेळला नव्हता.

बाकी हरण्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. २०२४ला एक विजय, अकरा पराभव. त्यांत नोत्र दामकडून घरच्या मैदानावर ६६-७. २०२५ला नवा प्रशिक्षक, दोन विजय, दहा पराभव. लीगमध्ये दोन्ही वर्षं भोपळा. २०२५च्या बादलीच्या सामन्यात ५६-३. बायको म्हणाली, तीन गुण झाले म्हणजे सुधारणा आहे.

आणि नियतीचा विनोद म्हणजे, याच नव्या नियमांवर इंडियाना उभं राहिलं. देशात सर्वाधिक सामने हरलेल्या संघांत ज्यांचं नाव अगदी वर असायचं, ते इंडियाना. २०२३च्या नोव्हेंबरअखेर कर्ट सिग्नेट्टी नावाचा प्रशिक्षक तिथे आला, जुन्या कॉलेजातले डझनभर खेळाडू बदलीनं सोबत घेऊन. दुसऱ्या मोसमात कॅलिफोर्नियाहून बदलून आलेला क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा, त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार. सोळा सामने, सोळा विजय. जुनी व्यवस्था टिकली असती तर असा संघ दोन वर्षांत उभा राहिलाच नसता; चार-पाच बड्या घराण्यांतच गादी फिरत राहिली असती. बदल्यांना नावं ठेवणाऱ्यांनी ब्लूमिंग्टनच्या त्या लोकांकडे जरूर बघावं, जे पन्नास वर्षं हरत हरत तिथेच बसून होते. त्यांच्याबरोबर ऐन वेळी लाल टोप्या घेऊन घुसलेलेही पुष्कळ आहेत, जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो करणारे. पण ते कुठे नसतात?

१९ जानेवारी २०२६, सोमवार. मायामीत राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना, इंडियानासमोर मायामीचाच संघ. मुलगी सामन्यासाठी घरी आली, तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन. मी पोहे केले, कारण रात्री उशिरा पोरांना भूक लागते. सोफ्याच्या कडेला माझी ती जुनी १५ नंबरची जर्सी घालून बसलो. आता पोटावर जरा ताणते. मी कुणाच्या बाजूनं होतो, असं विचाराल तर खरं सांगतो, मला सांगता येत नव्हतं. इंडियाना जिंकावं असं ओठांवर येईना, हरावं असं मनात येईना. शेवटच्या मिनिटाला इंडियानाच्या पोरानं मायामीचा चेंडू अडवून पकडला. २७-२१. घरात किंकाळी झाली, कुत्रं भुंकायला लागलं, पोह्यांची बशी उलटली.

पोरगी धावत माझ्याकडे आली, गळ्यात पडली, मग मागे सरून माझ्या जर्सीकडे बघितलं आणि ओरडली, "बाबा, आम्ही जिंकलो!"

मी म्हटलं, बरोबर. आणि खाली वाकून पोहे गोळा करायला लागलो.